पाचवी जागा

मी कोणत्या खात्यात आहे ते सांगत नाही. अंगावर खाकी आहे, राहायला परभणीत आहे आणि पोटासाठी बंदुका सांभाळते, एवढं पुरे. पाहुण्यारावळ्यांत कुणी विचारलं तर मी "स्टोअरला असते" असं सांगून मोकळी होते. बंदुका म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कुणाला मारलंय का. डास सोडून मी आजवर कुणाला मारलेलं नाही. आमच्या कामात मारायचं नसतंच, ओळखायचं असतं.

शस्त्रागाराला आमच्यात कोत म्हणतात. लोखंडी दार, जाळीच्या खिडक्या, आत तेलाचा वास, आणि भिंतीला लागून लाकडी रॅकमध्ये उभ्या केलेल्या रायफली. त्यातल्या बहुतेक एसएलआर. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते, पुढची आपोआप नळीत येते, पण ती सोडायची तर चाप पुन्हा ओढावा लागतो. बाहेरच्या माणसाला या सगळ्या एकसारख्या दिसतात. पहिल्या दिवशी मलाही दिसल्या. एकाच साच्यातून काढल्यासारखं तेच काळं लोखंड, तोच लाकडी दस्ता.

पण त्या एक नव्हत्या. काही जुन्या खेपेतल्या होत्या, काही नव्या. दोन अशा होत्या की त्यांची चापाजवळची कळ दोन खाचांवर न थांबता तिसऱ्या खाचेत जायची, आणि मग चाप दाबून धरला की गोळ्यांची झड लागायची. त्या साखळीत असायच्या. आणि राहिलेल्या कवायतीच्या. त्यांना आम्ही डीपी म्हणतो. एकेकाळी त्याही चालणाऱ्या रायफलीच होत्या. जुन्या झाल्या म्हणून त्यांच्या नळीला बाजूनं भोक पाडलं आणि गोळीला ठोकणाऱ्या पिनेचं टोक कापून टाकलं. वजन तेच, रूप तेच, पण गोळी कधीच सुटणार नाही. परेडला पोरं शिकवायची तर अशाच लागतात. ओळख म्हणून दस्त्यावर दोन पांढरे पट्टे मारलेले असतात.

हे सगळं मला शिकवलं उस्तादांनी. उस्ताद म्हणजे आमच्या कोतीचे प्रमुख. चौतीस वर्षं त्याच तेलाच्या वासात काढलेला माणूस. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात स्टुलावर बसवलं, खिशातला रुमाल काढला आणि माझ्याच हातानं माझे डोळे बांधायला लावले.

"चेहऱ्याव जाऊ नगं," ते म्हणाले. "चेहरा समद्यांचा एकच हाय. हात फिरव."

मग पाच जागा सांगितल्या. पहिली दस्ता, त्यावर कोतीचा नंबर असतो. दुसरी बॉडी, तिच्यावर कारखान्यात कोरलेला नंबर, तो बोटाला लागतो. तिसरी कळ, ती किती खाचा फिरते ते बघायचं. चौथी नळी, भोक आहे की नाही. आणि पाचवी पिन. त्यासाठी रायफल उघडून आतला ब्लॉक बाहेर काढावा लागतो. हाताच्या बोटांएवढा लांब, जड, लोखंडाचा तुकडा. त्यात ती पिन बसलेली असते. मागून दाबली की पुढे टोक बाहेर यायला हवं. आलं तर रायफल जिवंत. त्या ब्लॉकवरही बॉडीच्याच नंबरातले शेवटचे तीन आकडे कोरलेले असतात, म्हणजे कुणाचा कुणाला लागू नये.

"चार जागी फसशील," उस्ताद म्हणायचे, "पाचवी खोटं बोलत न्हाई."

मला वेळ लागला, पण जमलं. राणीसावरगावला माझे वडील ज्वारीचा दाणा दाताखाली धरून हा कोणत्या रानातला ते सांगायचे आणि आम्ही भावंडं हसायचो. कोतीत बसून डोळे बांधलेले असताना मला पहिल्यांदा कळलं की ते फेकत नव्हते.

उस्तादांची एक खोड होती. रोज चष्मा घरी विसरायचा. "पोरी, चष्मा ऱ्हायला बग, तू वाच." मी नंबर वाचायची, ते रजिस्टरवर सही करायचे, मी बोट ठेवीन तिथे. पहिले काही महिने मी मनातल्या मनात चिडायची, की म्हातारपणी असं विसराळू व्हायचं तर घरी बसावं. मग एक दिवस चष्मा त्यांच्या वरच्या खिशात होता आणि तरी त्यांनी मला वाचायला सांगितलं. मी खिशाकडे बोट दाखवलं. ते बोटसुद्धा त्यांना दिसलं नाही.

"दोनी डोळ्यांत मोतीबिंदू हाय," ते हळूच म्हणाले. "पिकलाय म्हणतो डॉक्टर."

"मग ऑपरेशन करा की. आजकाल तासाभरात होतंय."

"करतो. रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी करतो. आत्ता सुट्टी मागितली का कागद येनार, कागद आला का समद्यांना कळनार. कोतीव आंधळा माणूस ठेवतेत व्हय? टेबलाव बसवतेल मला, जावक शिक्के मारायला." मग त्यांचं नेहमीचं वाक्य आलं. "चौतीस वर्षांत माझं सर्व्हिस बुक कोरं हाय. येक लाल रेघ न्हाई. तसंच घेऊन घरी जायचंय मला."

हे कोऱ्या पुस्तकाचं ते इतक्यांदा सांगायचे की नवीन पोरं त्यांची नक्कल करायची. पण त्या माणसाची इस्टेट तेवढीच होती. तेव्हा त्यांची अकरा महिन्यांची नोकरी उरली होती. मी कुणाला काही बोलले नाही. डोळे माझे आणि हात त्यांचे, असा आमचा कारभार सुरू झाला. खरं सांगायचं तर मला त्याचा गर्व वाटायचा. इतक्या मोठ्या माणसाचं माझ्यावाचून चालत नाही, हे सुख कुणाला नको असतं?

त्यांच्या निवृत्तीला महिना राहिला तेव्हा दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजन असतं. पांढरी चादर अंथरायची, त्यावर रायफली रांगेत मांडायच्या, झेंडूच्या माळा, आपट्याची पानं, पुढे रांगोळी. रांगोळीची वेळ आली की खात्याला महिला कर्मचारी आठवतात. मी मुद्दाम वाकडी काढते, तरी दरवर्षी मलाच सांगतात. मोठे साहेब सहकुटुंब समोर बसणार, म्हणून पूजेला ठेवलेल्या प्रत्येक रायफलीतून ब्लॉक काढून घ्यायचा, हा आमच्या कोतीचा जुना दंडक. ब्लॉक धुऊन पुसून वेगळ्या परातीत ठेवायचे, त्यांना वेगळं हळदकुंकू. पूजा झाली की पुन्हा ज्याचा त्याला.

माझ्या घरी दसऱ्याची तऱ्हा वेगळी. आमची बौद्ध वस्ती. त्या दिवशी संध्याकाळी गावच्या विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम असतो. आईनं माझ्यासाठी पांढरी साडी इस्त्री करून ठेवलेली असते आणि ती दारात उभी असते. आदल्या दोन वर्षी बंदोबस्तामुळे मी पोचले नव्हते. त्या वर्षी मी तिला शब्द दिला होता. गंगाखेडहून गावाकडे जाणारी गाडी गाठायची तर परभणीहून दोनच्या आत निघायला हवं होतं.

त्या वर्षी निम्म्या रायफली बंदोबस्तावर बाहेर होत्या. चादरीवरची रांग विरळ दिसायला लागली. आमचे साहेब कमरेवर हात ठेवून म्हणाले, "हे काय बरं दिसतंय का?" तेव्हा पुढे होऊन तोंड उघडलं ते मी.

"साहेब, मागच्या रांगेत डीपी ठेवू. पट्टे झेंडूखाली झाकतील."

साहेब खूश झाले. उस्ताद फक्त म्हणाले, "त्यांचे ब्लॉक येगळे धू." मी हो म्हणाले. पण परात एकच होती, डिझेल थोडं होतं आणि वेळ तर नव्हताच. मी सगळे ब्लॉक एकाच परातीत टाकले. डीपीच्या ब्लॉकवर पांढऱ्या रंगाचा ठिपका असतो, त्यावरून ओळखू, असं मनात होतं. तो जुना रंग डिझेलमध्ये फुगला आणि चिंधीनं पुसताना निघून गेला. आकडे तर होते ना, म्हणून मी तेही मनावर घेतलं नाही.

पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले. साहेब लोक गेल्यावर आम्ही दोघं कोतीत ब्लॉक बसवायला बसलो. मी आकडे वाचायची, उस्ताद बसवायचे. बाहेर मंडपवाला टेबलं ओढत होता. उस्तादांनी मला तीनदा विचारलं, "किती वाजले गं?" मला वाटलं माझ्या गाडीची काळजी करतायत. त्यांची लेक त्याच दिवशी नांदेडहून पहिलं बाळ घेऊन माहेरी आली होती, हे त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. मी ते एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडलं होतं.

शेवटी दोन रायफली उरल्या आणि दोन ब्लॉक. आकड्यांच्या खाचांत तेल आणि कुंकू भरलं होतं. ते पुसायला हवं होतं. दिव्याखाली धरून वाचायला हवं होतं. मी अंदाजानं एक एक उस्तादांच्या हातात दिला आणि मनानेच आकडे म्हटले. दोन घरं, दोन पोरं, जातील कुठं, असंच काहीतरी डोक्यात होतं. त्या दोनांतली एक डीपी होती.

मग पाच जागा बघायच्या होत्या. उस्ताद रजिस्टर घेऊन टेबलाशी बसले, मी रांगेतून फिरले. दस्ता, बॉडी, कळ, नळी. पहिल्या काहींच्या पिना दाबून बघितल्या. पुढच्यांचे ब्लॉक पुन्हा काढायचे, पुन्हा बसवायचे, याला हात धजेना. घड्याळात पावणेदोन वाजले होते.

"झालं का?" उस्तादांनी विचारलं.

"झालं."

"पाची?"

"पाची," मी म्हणाले.

मी बोट ठेवलं, त्यांनी सही केली. मी धावत स्टँड गाठलं. संध्याकाळी पांढरी साडी नेसून विहारात आईशेजारी बसले. पंचशील म्हटलं. त्यात खोटं न बोलण्याचंही एक आहे. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही, हे आज मला सगळ्यात जास्त लागतं.

बारा-तेरा दिवसांनी एका कॉलेजच्या पोरांना कवायत शिकवायला डीपी रायफली काढायच्या होत्या. मी एकेक उघडून तेल देत होते. एका ब्लॉकची पिन सवयीनं मागून दाबली आणि पुढे अंगठ्याला टोक लागलं. डीपीच्या पिनेला टोक नसतं. मी पुन्हा दाबली. पुन्हा लागलं.

आकडे पुसून वाचले. रजिस्टर उघडलं. तो ब्लॉक ज्या रायफलीचा होता ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाथरीकडच्या एका गोदामाच्या गार्डवर गेली होती. म्हणजे कापलेल्या पिनेचा ब्लॉक पोटात घेऊन ती तिथे उभी होती, आणि तिच्यामागे एक माणूस. मी त्याला ओळखत होते. आमच्या गंगाखेड तालुक्यातलाच. आईवडील दर साल ऊसतोडीला जायचे आणि हा आश्रमशाळेत राहून शिकलेला. आठवड्यापूर्वी त्याच रस्त्यावरच्या एका दुकानाचं शटर फोडल्याची बातमी मी पेपरात वाचून विसरून गेले होते. ती आता आठवली.

मी तो ब्लॉक ड्रॉवरमध्ये ठेवला आणि अर्धा दिवस काही बोलले नाही. डोक्यात एकच चाललं होतं. काहीतरी कारण काढून पाथरीला जायचं, "तपासणीला आले" म्हणायचं, अदलाबदल करायची आणि परत यायचं. कुणाला काही कळणार नव्हतं. उस्तादांचं पुस्तक कोरं राहिलं असतं, माझंही. जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला आणि तसाच बंद केला. मग जाऊन त्यांच्यापुढे ब्लॉक ठेवला.

त्यांनी उचलला. अंगठा फिरवला. पिन दाबली. डीपी रायफल समोर उघडी पडली होती, तिच्या नळीवरून हात फिरवला.

"दुसरी कुटं हाय?"

"पाथरीकडं. गार्डवर."

मी शिव्यांची वाट बघत होते. शिव्या आल्या नाहीत. "रजिस्टरात नोंद घाल," ते म्हणाले. "ब्लॉक बाहेर न्यायलोत म्हणून लिव्ह. चल."

"उस्ताद, नोंद केली तर मग..."

"कोतीतून सुई न्यायची तरी नोंद लागती."

जीप बंदोबस्तात होती, म्हणून आम्ही एसटीनं गेलो. ब्लॉक फडक्यात गुंडाळून त्यांच्या डब्याच्या पिशवीत होता आणि पिशवी मांडीवर. मानवत येईपर्यंत त्यांचा एक हात पिशवीवरून हलला नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिले. कापूस वेचायला बायका लागल्या होत्या. मला वाटलं, मी आत्ता यांच्यात असते तर किती बरं झालं असतं. असलं काही मला एरवी कधीच वाटत नाही, मी कापूस वेचलेला आहे.

गोदामावर तो शिपाई एकटाच होता. उस्तादांना बघून त्यानं कडक सलाम ठोकला. उस्तादांनी त्याच्याकडून रायफल घेतली, गोळ्या काढल्या, उघडली. ब्लॉक काढून अंगठ्यानं मागून दाबला. पुढे काही आलं नाही. त्यांनी तो ब्लॉक शिपायाच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. "आमच्याकडनं चूक झाली," असं सांगितलं. कुणाकडून ते सांगितलं नाही.

तो पहिल्यांदा हसला. मग ब्लॉककडे बघत म्हणाला, "म्हंजी इतके दिवस मी नुसतीच काठी धरून उभा ऱ्हायलो?"

"व्हय," उस्ताद म्हणाले.

"परवा सांजच्याला दोघं जनं कंपाउंडावर चढायलते. मी रायफल रोखली आन वरडलो. पळाले." त्यानं ब्लॉक आमच्यापुढे धरला. "त्यातला येक जरी थांबला असता, तर?"

उस्तादांनी पिशवीतलं फडकं उलगडायला घेतलं. चूक माझी होती, हे मी तेव्हाही म्हटलं नाही.

"मला घरी दोन लेकरं हायत," तो म्हणाला. आम्ही खरा ब्लॉक बसवला, पाची जागा त्याच्यासमोर तपासल्या, त्याची सही घेतली. त्यानं आम्हाला चहा विचारला नाही. आमच्या भागात दारात आलेल्या माणसाला चहा विचारला नाही, म्हणजे राग कुठवर गेला असेल ते समजून घ्यावं. परतताना स्टँडवर उस्तादांनी स्वतःच दोन चहा सांगितले.

दुसऱ्या दिवशी अहवाल लिहायला बसलो. ते सांगायचे, मी लिहायची, नेहमीसारखं. "सदर दिवशी शस्त्रपूजनानंतर," ते सांगत गेले, "सर्व रायफलींचे ब्लॉक मी स्वतः बसवले. तपासणी मी स्वतः केली. माझ्या हलगर्जीपणामुळे..."

माझं पेन थांबलं.

"लिव्ह."

"उस्ताद, पण तपासणी मी..."

"तुला लिवायला सांगितलंय. बोलायला न्हाई."

मी लिहिलं. आज मला सांगायला आवडलं असतं की मी भांडले, कागद फाडला, साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन खरं सांगितलं. मी यातलं काही केलं नाही. मला फार वाईट वाटत होतं. पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी सुटल्याचा आनंद होता, आणि तो मला स्पष्ट कळत होता. मी बोट ठेवलं, त्यांनी सही केली.

सक्त ताकीद मिळाली. निवृत्तीला दहा दिवस उरलेले असताना त्यांच्या सर्व्हिस बुकात लाल शाईची नोंद झाली. निरोप समारंभात त्यांना प्रशस्तिपत्र द्यायचं ठरलं होतं, ते रद्द झालं. शाल आणि नारळ तेवढा मिळाला. भाषणात ते दोन वाक्यं बोलले आणि बसले. त्यांची बायको पहिल्या रांगेत बसली होती, मी तिच्या नजरेला नजर देऊ शकले नाही.

त्यानंतर वर्षभर मी त्यांच्या घरी गेले नाही. दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर आहे. बाजारात त्यांची पाठ दिसली तर मी रस्ता बदलायची. कोतीचा चार्ज माझ्याकडे आला. आणि मी मनातल्या मनात एक गोष्ट रचली. उस्ताद म्हणजे देवमाणूस. पोटच्या पोरीसारखं मला पाठीशी घातलं आणि माझा डाग स्वतःच्या अंगावर घेतला. त्यांना जेवढं उंच चढवावं तेवढी मी खाली जायची, पण त्यातही एक सोय होती. देवमाणसाच्या उपकारांची फेड करायची नसते, नुसते हात जोडले की झालं.

पुढच्या दसऱ्याला साहेबांनी त्यांना पूजेला बोलावलं. ते आले. डोळ्यांची दोन्ही ऑपरेशनं झाली होती, चष्मा नव्हता. कोतीच्या दारात उभे राहून त्यांनी आधी सगळ्या रॅककडे बघून घेतलं, मग माझ्याकडे. बराच वेळ बघितलं.

"तू हाईस व्हय ती," ते म्हणाले. "मला वाटायलतं तू गोरी असशील."

मी हसले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वर्षी डीपी रायफली चादरीवर नव्हत्या. रांग विरळ होती, साहेब काही म्हणाले नाहीत. पूजा झाल्यावर मी ब्लॉक बसवायला बसले. उस्ताद शेजारी माझ्या स्टुलावर बसले, हातात पेढा. मंडपवाला बाहेर टेबलं ओढायला लागला. तोच आवाज. मला राहवलं नाही.

"उस्ताद, त्या दिवशी मी चारच बघितल्या होत्या. पाची म्हणाले ते खोटं होतं."

त्यांनी पेढा खाल्ला. बोटं रुमालाला पुसली.

"मला ठावं हाय," ते म्हणाले.

"केव्हा कळलं? पिन सापडली तेव्हा?"

"न्हाई गं. तवाच. तेवढ्या रायफलींच्या पाची जागा बघायला किती येळ लागतो, ते मला ठावं न्हाई व्हय? उघडायचा आवाज येतो, लावायचा येतो. सात-आठ आवाज आले आन बंद झाले. मी मोजायलतो."

मला तर वाटायचं, त्यांच्या आंधळेपणाचा मी फायदा घेतला.

"मग सही का केली?"

ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. आता त्यांना काटे दिसत होते.

"लेक आलती. पाळण्यातलं लेकरू घेऊन," ते म्हणाले. "मला बी घरी जायचं हुतं."

वर्षभर रचलेला तो देवमाणूस तिथे स्टुलावर नव्हता. होता तो माझ्याइतकीच घाई झालेला एक बाप, आणि अहवालातलं 'माझ्या हलगर्जीपणामुळे' त्यानं खरं म्हणूनच सांगितलं होतं. मला बाजूला काढलं, तेवढीच काय ती माया. आता माझ्या वाटणीची चूक माझ्याकडेच राहिली होती आणि ती देण्याघेण्यासारखी नव्हती.

उस्तादांनी परातीतला पुढचा ब्लॉक माझ्याकडे सरकवला. "नंबर वाच," ते म्हणाले. तो त्यांच्या नजरेसमोरच होता आणि त्यांना आता लख्ख दिसत होतं. तरी मी खाचांतलं कुंकू पुसलं, दिव्याखाली धरला आणि मोठ्यानं वाचला.